शेपटाच्या उजव्या बाजूला

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, गार्थबीच्या विमानतळावर वारा कसा होता ते आधी ऐका, म्हणजे पुढचं पटेल. थेट समुद्राला जाऊन मिळेपर्यंत त्याला अडवायला ना टेकडी ना झाड. रविवारी गार्थबीचा पाद्री प्रवचनाला उभा राहिला की त्याचे शब्द दारातून निघून शेजारच्या गावात जाऊन पडायचे, आणि गार्थबीचे लोक वर्षानुवर्षं पलीकडच्या गावच्या पाद्र्याचं ऐकून सुधारत होते. कोंबड्या पायात दगड बांधून दाणे टिपायच्या. एका बाईचा वाळत घातलेला परकर उडाला तो समुद्र ओलांडून डेन्मार्कात पोचला, आणि तिथल्या जर्मनांनी म्हणे त्याच्यावर दोन तास गोळ्या झाडल्या.

अशा जागी सरकारनं विमानतळ बांधला. नव्या वैमानिकांना स्पिटफायर हे लढाऊ विमान चालवायला शिकवायचं, तेही लढाई ऐन भरात असताना. स्पिटफायर म्हणजे हवेत परी आणि जमिनीवर अडेल घोडी. नाक जड, शेपूट हलकं. धावपट्टीकडे हळूहळू जाताना वारा शेपटाखाली शिरला की शेपूट वर, नाक खाली, आणि पुढचा पंखा जमिनीत नांगरासारखा घुसायचा. मग त्यावर उपाय काय? शेपटावर माणूस बसवायचा. वारा फारच असला तर दोन माणसं, एक डाव्या बाजूला, एक उजव्या. मधे शेपटाचा उभा पत्रा, पुरुषभर नसला तरी एकमेकांचं तोंड दिसणार नाही एवढा. धावपट्टीच्या टोकाला विमान थांबलं, इंजिन मंद झालं, की दोघांनी उड्या मारायच्या. डावीकडच्यानं पुढे पळत जाऊन वैमानिकाच्या आरशात दिसेल असा हात वर करायचा. हात दिसला की वैमानिक निघाला.

डावीकडे बसायची एनिड पॉकली. उजवीकडे कॉर्पोरल आमोस थ्वेट.

एनिड ग्रिम्सबीच्या मासळीवाल्याची मुलगी, वय बावीस, नोकरी विमानाच्या इंजिनाची, आणि खरा धंदा थापा मारण्याचा. विमानात भुतं राहतात, ती स्क्रू खातात आणि तारा कुरतडतात, असं तर तेव्हा सगळ्याच विमानतळांवर बोलायचे. पण एनिडच्या भुताला दाढदुखी होती. तिनं म्हणे स्वतःच्या पकडीनं त्याची दाढ उपटली होती, आणि तेव्हापासून घाबरून ते भूत हँगरमधल्या सगळ्या पकडी लपवून ठेवतं. एकही पक्कड वेळेवर का सापडत नाही, याचं दुसरं कारण आजवर कुणाला देता आलेलं नाही.

आमोस चौतीस वर्षांचा, हल शहरातला, लांबट तोंडाचा. पेल्यातल्या चहावर बशी झाकून ठेवणारा माणूस. काम संपलं की हत्यारं तीनदा मोजायचा, आणि तीनदा बरोबर आली तर शंका येऊन चौथ्यांदा मोजायचा. तो एनिडच्या गोष्टी ऐकायचा आणि शेवटी एवढंच म्हणायचा, "पोरी, तुझ्या जिभेला ब्रेक नाही."

"ब्रेक तुझ्याकडे आहेत ना सगळे? मग मला कशाला?"

"तेही खरंच. पण मी सांगितलेलं लक्षात ठेव. उतरल्यावर आधी वाकून माझे बूट बघायचे. बूट जमिनीवर दिसले तरच हात."

"दिवसातून तीस वेळा तुझे बूट बघायचे? त्यापेक्षा मी तुझ्याशी लग्न करते."

"नको," आमोस गंभीरपणे म्हणाला. "माझ्या आईला थापा खपत नाहीत."

तो मार्चमधला मंगळवार. वारा असा की चहाचा घोट घ्यायला तोंड उघडलं तर वाराच पोटात जायचा. सकाळपासून नऊ वेळा दोघं शेपटावर बसून टोकाला गेली होती आणि चालत परत आली होती. दहाव्या वेळेला विमानात लायनेल प्रिचर्ड होता. वेल्समधला पोरगा, वीस वर्षांचा, स्पिटफायरवर त्याचा तिसरा दिवस.

एनिड बसली होती शेपटावर, पण मन होतं नव्या गोष्टीत. एक समुद्रपक्षी हवाई दलात भरती होतो, सार्जंट त्याला सलाम करायला सांगतो, आणि पक्षी म्हणतो... काय म्हणतो? तिथेच सकाळपासून गाडी अडली होती. विमान टोकाला आलं, थांबतंय न थांबतंय, आणि तिला सुचलं! पक्षी म्हणतो, "सलाम केला तर मी पडेन, सार्जंट." एवढं हसू आलं तिला की ती हसतहसतच उतरली, इंजिन नीट मंद होण्याआधी, नेहमीसारखी पुढे पळाली आणि हात वर केला.

लायनेलनं हात पाहिला. त्यानं इंजिन वाढवलं.

एनिड वळली. आमोसला आत्ताच सांगू का चहाच्या वेळेला, असा विचार करत वळली. जिथे आमोसचे बूट असायला हवे होते तिथे धावपट्टी रिकामी होती.

विमान सुटलं होतं. शेपटावर निळा डगला दिसत होता, उभ्या पत्र्याला चिकटलेला. ती ओरडत पळाली. त्या वाऱ्यात तिचं ओरडणं तिच्या स्वतःच्याही कानांवर आलं नाही. विमानाची चाकं सुटली, ते कुंपणावरून गेलं, आणि बीटाच्या शेतावर डगला पत्र्यापासून सुटला.

चाळीस फूट. शेत नांगरलेलं होतं, माती मऊ होती, तरी चाळीस फूट ते चाळीस फूटच.

लायनेलला यातलं काही कळलं नव्हतं. शेपूट जड वाटलं आणि मग एकदम हलकं झालं, एवढंच. त्यानं नियमाप्रमाणे एक फेरी मारली, नीट उतरला, खाली येऊन टोपी काढली आणि विचारलं, "शेपूट का ओढत होतं? काही राहिलं होतं का मागे?"



तासाभरानं सार्जंट स्कॅग्जनं हँगरचं दार ओढून घेतलं. स्कॅग्ज म्हणजे जाडजूड, मिशीवाला, हँगरचा बाप. एरवी त्याचा आवाज ऐकून बंद पडलेली इंजिनं चालू व्हायची. आज तो हळू बोलला.

"गुरुवारी चौकशीचा साहेब येणार. तेव्हा सगळ्यांनी एकच सांगायचं. आमोस गंमत म्हणून शेपटावर बसून राहिला."

"आमोस?" एनिड म्हणाली. "गंमत?"

"हो, गंमत. माणसाला कधीतरी लहर येते."

"त्याला लहर आली असती तर त्यानं आधी अर्ज केला असता, सार्जंट."

कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

"हे बघ," स्कॅग्ज म्हणाला. "गंमत नाही म्हटलं तर चूक कुणाची? प्रिचर्डची. शेपटावर माणूस असताना निघाला. त्या पोराला पुन्हा विमानाला हात लावू देणार नाहीत, आणि दिला तरी तो लावायचा नाही. एक गेला. दुसरा कशाला घालवायचा? आमोसला आता कुणी काय म्हटलं तरी काही फरक पडत नाही."

"त्याच्या आईला पडतो."

"तिला आपण चांगलं पत्र लिहू."

"आणि हात, सार्जंट? हात तर मी..."

"कुठला हात?"

"माझा. मी वर केला."

स्कॅग्ज तिच्याजवळ आला. "तुझा हात तुझ्या खांद्याला आहे ना? तिथेच राहू दे."

तिच्यासाठीच बोलत होता तो, हे एनिडला कळलं. म्हणून तर तिला तिथे थांबवेना. बाहेर आली, आत गेली, परत बाहेर. स्वच्छ प्लग काढून पुन्हा स्वच्छ केला. एकच नट तिनं इतक्यांदा आवळला की शेवटी त्याचे आटे गेले, आणि नवा नट मागायला भांडारात गेली तर काय मागायला आलो तेच आठवेना. चहा उभ्यानं प्यायला, पाव चालताना खाल्ला, तोही निम्मा वाऱ्यानं नेला. कपडे बदलायला बसली ती एकच बूट काढून पुन्हा उठली आणि तशीच लंगडत दारापर्यंत गेली. कुठे जायचं होतं, तिलाच माहीत नव्हतं.

बुधवारी दुपारच्या बसनं आमोसची आई आली. थ्वेटबाई. छोटीशी, ताठ, काळ्या टोपीत तीन टाचण्या खोवलेल्या, आणि गार्थबीच्या वाऱ्याची काय बिशाद त्या टोपीला हात लावायची! आमोसच्या सामानाची पेटी न्यायला आली होती. कचेरीतल्या कारकुनानं तिला खुर्ची दिली, चहा दिला आणि सांगून टाकलं, की जरा गंमत करायला गेला हो तुमचा मुलगा. बसच्या थांब्यापर्यंत पेटी उचलायला एनिडला पाठवलं.

रस्त्यानं दोघी चालल्या. पेटी एनिडच्या खांद्यावर. थ्वेटबाईंनी वर न बघता विचारलं, "तू एनिड ना? भुताची दाढ काढणारी?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तो पत्रात लिहायचा. पानभर. स्वतःबद्दल दोन ओळी, आणि पानभर तुझ्या थापा." थोडं चालल्यावर त्या थांबल्या. "तू त्याच्याबरोबर होतीस म्हणे. खरं सांग मला. खेळत होता का गं तो?"

आता बघा, एनिडला गोष्ट सुचली नाही असं आजवर झालं नव्हतं. त्या बाईचं ते छोटंसं ताठ तोंड बघून तिला वाटलं, हिला काहीतरी द्यावं, काहीतरी मोठं, ऊबदार. आणि जीभ सुटली.

"बाई, काय सांगू तुम्हाला! असा बसला होता तो, राजा बसावा तसा. विमान वर गेलं तसा हसायला लागला. मी इतक्या वर्षांत त्याला इतकं हसताना पाहिलं नव्हतं. टोपी काढून आम्हाला हलवली. कुंपणावरून गेला, झाडांवरून गेला, खाली मेंढ्या, समोर समुद्र... माझी खात्री आहे, त्याला हलसुद्धा दिसलं असेल, तुमच्या घराचं धुराडं..."

ती थांबली, कारण थ्वेटबाईंचं तोंड बंद होत चाललं होतं, दुकानाची फळी लावावी तसं.

"म्हणजे खरंच खेळत होता," त्या म्हणाल्या.

"नाही, म्हणजे..."

"लहानपणी त्याला झोक्यावर बसवलं की रडायचा. जिन्यावरून एकेक पायरी बसून उतरायचा. चौतीस वर्षं सांभाळून चालला, आणि लढाईच्या दिवसांत, लोकांची पोरं कामावर मरताहेत, तेव्हा हा..." त्यांनी एनिडच्या खांद्यावरून पेटी घेतली. घेतली म्हणजे ओढलीच. "दे. मी नेते."

"जड आहे, बाई."

"माझ्या मुलाची आहे."

बस आली. थ्वेटबाई आत बसल्या त्या खिडकीकडे पाठ करून. एनिड रस्त्यातच उभी. आपण केलं काय? एकदा हात वर करून मारला, आणि आता तोंड उघडून दुसऱ्यांदा.

गुरुवारी चौकशीचा साहेब आला, स्क्वाड्रन लीडर व्हेनेबल्स. लढाईच्या आधी शाळा तपासनीस होता. उंच, बारीक, चार पेन्सिली एकाच उंचीच्या तासून समोर मांडलेल्या. हँगरच्या कोपऱ्यात टेबल टाकलं होतं. एकेकानं जायचं आणि सांगायचं. तिघांनी सांगितलं, तिघांनीही "गंमत म्हणून शेपटावर बसून राहिला" असंच म्हटलं. शब्दसुद्धा तेच. लायनेल प्रिचर्ड खाली मान घालून म्हणाला, "हात दिसला की नाही, मला आठवत नाही, साहेब." तेही स्कॅग्जनंच पढवलेलं.

मग एनिड. खुर्ची दिली तर बसली नाही.

"साहेब, हात मी वर केला. बूट न बघता. आमोस उतरला नव्हता आणि मी हात वर केला."

स्कॅग्जनं घसा खाकरला. व्हेनेबल्सनं पेन्सिल खाली ठेवली.

"तुझं नाव पॉकली? पक्कडवाली?"

"हो."

"सकाळी इथे आल्यापासून मी तुझ्या तीन गोष्टी ऐकल्या. जेवणघरात एक, न्हाव्याकडे एक, आणि एक तर माझा ड्रायव्हर सांगत होता, तो या तळावरचा नाहीसुद्धा."

"त्या थापा होत्या, साहेब. ही नाही."

"तू मेलेल्या मित्राला वाचवायला बघतेस. चांगली गोष्ट आहे. पण तीन माणसं एक सांगतात आणि तू दुसरं. तुझं खरं कशावरून धरू?"

 एनिडचे पाय आपोआप टेबलाच्या इकडून तिकडे चालू लागले. दोन फेऱ्या झाल्या, तिसरीला ती थांबली.

"साहेब, तुम्ही शेपटावर बसा."

हँगरमध्ये कुणाच्या तरी हातातला पाना खाली पडला.

"पॉकली!" स्कॅग्ज ओरडला. "तोंड आवर!"

"त्यांनाच बसू द्या ना, सार्जंट! आमोसच्या बाजूला. विमानाच्या चाकांना ठोकळे लावू, शेपूट जमिनीला दोरांनी बांधू, म्हणजे कुठे जाणार नाही. मी माझ्या बाजूला बसते. मंगळवारी जसं केलं तसंच करते. साहेबांनी फक्त एक करायचं. उतरायचं."

"एवढंच?" व्हेनेबल्स म्हणाला.

"एवढंच. उतरून दाखवा."

 व्हेनेबल्स उठला, कोटाची बटणं लावली. "वीस वर्षं शाळा तपासल्या," तो म्हणाला. "पोरं नेहमी म्हणायची, तुम्हीच करून बघा. एकदाही केलं नाही. चला."

तेच विमान बाहेर काढलं. ठोकळे लावले, दोर बांधले, वर वाळूच्या गोण्या. व्हेनेबल्सला उजवीकडे चढवायला दोघं लागले, कारण त्याचे पाय शिडीसारखे, ते दुमडायचे कुठे हाच प्रश्न. लायनेल आत बसला. एनिड त्याच्या कानाशी ओरडली, "मंगळवारचं सगळं तसंच कर! हात दिसला की वाढव!"

"आणि हात नाही दिसला तर?"

"दिसेल!"

इंजिन सुरू झालं. एनिड डावीकडे बसली. उभ्या पत्र्यापलीकडे साहेब होता, पण तिला त्याचा केससुद्धा दिसत नव्हता, आणि त्याला तिचा. थोडा वेळ गेला. मग तिनं उडी मारली, पुढे पळाली, आणि हात वर केला. तोच हात, तसाच. 

लायनेलनं इंजिन वाढवलं.

आता त्या वाऱ्याचं काय सांगावं! गार्थबीचा वारा त्याच्यापुढे लेकरू. साहेबाची टोपी उडाली ती मेंढ्यांच्या कळपावरून गेली, चर्चच्या कळसावरच्या पत्र्याच्या कोंबड्याला वळसा घालून गेली, आणि आजतागायत कुठे उतरलेली नाही. कोटाचं एक बटण सुटून हँगरच्या पत्र्यात रुतलं. साहेब पत्र्याला चिकटला होता, भिंतीवर कागद चिकटवावा तसा. एक हात सोडवायला बघायचा, वारा तो परत चिकटवायचा. पाय खाली सोडायला बघायचा, पाय वर. तोंड उघडलं होतं, काहीतरी ओरडत होता, ते शब्द बहुतेक डेन्मार्कात ऐकू गेले.

हँगरच्या दारात उभा राहून सगळा तळ बघत होता. कुणी हसलं नाही. मंगळवारी जे त्यांनी फक्त दुरून पाहिलं होतं, ते आता वीस पावलांवर होतं.

एनिडनं दोन्ही हातांनी थांबायची खूण केली. इंजिन मंद झालं. साहेबाला चौघांनी खाली घेतलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, वाऱ्यानं असेल. 

"तू केव्हा उतरलीस?" त्यानं विचारलं.

"इंजिन मंद व्हायच्या आधी."

"मला कळलंच नाही. दिसलं नाही, जाणवलं नाही. मी खुणेची वाट बघत होतो आणि..." तो स्कॅग्जकडे वळला. "सार्जंट, इंजिन वाढल्यावर माणसाला तिथून उतरता येतं?"

स्कॅग्ज स्वतःच्या मिशीला हात लावून उभा होता.

"नाही, साहेब."

"हे तुम्हाला माहीत होतं?"

"इथल्या झाडूवाल्यालाही माहीत आहे, साहेब."

"मग गंमत कुठून आली?"

 उत्तर दिलं ते लायनेलनं. तो विमानातून उतरून मागे येऊन उभा होता, पांढराफटक.

"मला हात दिसला होता," तो म्हणाला. "आठवत नाही असं सांगायला लावलं मला, आणि दोन दिवस मला खरंच वाटायला लागलं, की मीच हाताशिवाय निघालो. हात होता. आज होता तसाच."

सगळे परत टेबलापाशी गेले. व्हेनेबल्सनं पेन्सिल घेतली. "सांग, पॉकली. सावकाश."

ती उभीच होती. "आम्ही टोकाला आलो. मी लवकर उतरले. बूट बघितले नाहीत. हात वर केला. कॉर्पोरल थ्वेट उतरला नव्हता."

साहेब लिहून थांबला. पुढे काही येईल म्हणून वाट बघत राहिला. सगळा हँगरच वाट बघत होता, कारण एनिडची गोष्ट एवढ्यात संपते हे कुणी पाहिलं नव्हतं.

"बूट का नाही बघितले?"

"मनात एक गोष्ट जुळवत होते. हसत होते."

"कसली गोष्ट?"

"ती नाही सांगणार, साहेब."

त्यानंही पुन्हा विचारलं नाही. तिनं सही केली.

निकाल लागला तो असा. कॉर्पोरल थ्वेट कामावर असताना, स्वतःच्या कुठल्याही चुकीशिवाय, अपघातात मेला. दोघांचे हात दिसल्याशिवाय कुणीही विमान हलवायचं नाही. एनिड पॉकलीचं इंजिनाचं काम बंद, आणि सोमवारपासून लँकेशायरच्या एका छावणीत स्वयंपाकघरात बटाटे सोलायचे.

"झालं समाधान?" स्कॅग्ज जाताजाता म्हणाला. "चांगली मेकॅनिक होतीस, गाढवे."

"बटाट्याला इंजिन नसतं, सार्जंट. कुणी मरायचं नाही."

तो तिच्या खांद्यावर हात आपटून गेला. जोरात आपटला.

आता सरकारी पत्र थ्वेटबाईंना आठवड्याभरात मिळणारच होतं. पण बुधवारी रस्त्यात जे दिलं होतं, ते सरकार परत घेणार नव्हतं. शुक्रवारी एनिडनं सुट्टी मागितली आणि हलची बस पकडली. सबंध रस्ता ती उभी होती. बस निम्मी रिकामी, कंडक्टर बाई तीनदा म्हणाली, "बस की गं, बाकाला दात नाहीत."

थ्वेटबाईंच्या गल्लीत एका बाजूची घरं होती, दुसऱ्या बाजूची बॉम्बनी नेली होती. दारावर काळी फीत. एनिडनं दार वाजवलं आणि पळून जावंसं वाटायच्या आत ते उघडलं.

"तू?" थ्वेटबाई म्हणाल्या. टोपी नव्हती, केस पांढरे आणि पातळ होते. आत ये म्हणाल्या नाहीत.

"बाई, परवा मी सांगितलं ते खोटं होतं. तो हसला नाही. त्यानं टोपी हलवली नाही. तो खेळत नव्हता. मी त्याच्या आधी उतरले आणि न बघता हात दाखवला, म्हणून विमान निघालं. त्याला उतरता येत नव्हतं. कुणालाच आलं नसतं. माझी चूक होती."

थ्वेटबाईंनी दाराची कड धरली.

"परवा मी तुला विचारलं होतं."

"हो."

"तू तोंडावर सांगितलंस, हसत होता म्हणून."

"मला वाटलं, तुम्हाला बरं वाटेल."

"बरं!" त्या म्हणाल्या. "दोन दिवस मी माझ्या मुलावर रागावलेय. त्याच्या शवपेटीशी बोलले नाही. शेजारणीला सांगितलं, वेड्यासारखा मेला. कळतंय तुला? दोन दिवस!"

एनिडला खूप काही सुचलं. आमोसनं तिला काय शिकवलं, तो किती सांभाळून वागायचा, बशी, हत्यारं. सगळं खरं होतं, तरी तिनं तोंड उघडलं नाही.

"भीती वाटली असेल त्याला?" थ्वेटबाईंनी विचारलं.

"हो. मला वाटतं, खूप."

"लगेच गेला?"

"डॉक्टर म्हणाले, लगेच. मी पोचले तेव्हा गेला होता."

थ्वेटबाईंनी समोरच्या पडलेल्या घरांकडे पाहिलं. मग आत वळल्या, आमोसच्या सामानाची पेटी ठेवली होती तिथपर्यंत गेल्या, काही न घेता परत आल्या.

"उद्या दफन आहे. उद्या येऊ नकोस, तुझं तोंड मला बघवणार नाही."

"नाही येणार."

"रविवारी ये. दुपारी. त्यानं तिथे काय काय केलं, काय खाल्लं, कुणाशी बोलला, सगळं मला सांगायचं. जसं घडलं तसं. एक शब्द जास्तीचा आला तर हाकलून देईन."

"येईन."

"आता जा."

दार लागलं. आतून सामानाच्या पेटीची कडी उघडल्याचा आवाज आला, आणि मग थ्वेटबाईंचं हळू बोलणं, कुणाशी तरी, घरात दुसरं कुणी नसताना.

परतीची बस दोन तासांनी होती. थांब्यावर बाक होता, पण एनिड बसली नाही. त्या अर्ध्या गल्लीत ती वरून खाली आणि खालून वर चालत राहिली, मनातल्या मनात आमोसचा एकेक दिवस आठवत, आणि जिथे जिथे गोष्ट आपोआप फुलायला लागली तिथे तिथे थांबून, पुन्हा पहिल्यापासून.